खिडकीतल्या म्हातारीचा हात

६ नोव्हेंबर २००५, रविवार

सुमेधाला नोकरी लागली! बँकेत नाही, दुकानात नाही – इथून बसने जाता येतं त्या जंगलातल्या जुन्या डच पार्कात. हिवाळ्यात पार्क बंद असतं. तेवढ्या काळात त्यांना सगळ्यात जुनी राइड दुरुस्त करायची आहे. होडीत बसून अंधाऱ्या बोगद्यातून जायचं, दोन्ही काठांना हलणाऱ्या बाहुल्यांचं गाव. माझी बायको त्या बाहुल्यांचे चेहरे रंगवणार! वसंतात उद्घाटन. तोवर काम पसंत पडलं तर कायम.

"अभिनंदन!" म्हणालो आणि चहा टाकायला आत गेलो. चहा कोणालाच नको होता.

हलणाऱ्या बाहुल्या म्हणजे आपला हलता देखावाच की! आणि आयुष्यात देखावे केले कोणी? मी! कॉलेजची सगळी वर्षं, शुक्रवार पेठेत, आमच्या मंडळाचे. फियाटच्या वायपरच्या मोटारी, सायकलच्या चेन, भंगारातले पट्टे. माझ्या कालियाचा फणा डोलायचा तेव्हा पोलिसांना रांग आवरायची नाही. सुमेधा त्या काळी साताऱ्यात शाळेच्या भिंतींवर फुलपाखरं काढत होती.

आणि आता मी स्लोटरडाइक स्टेशनपाशी काचेच्या इमारतीत बसून बँकेच्या रिपोर्टांचे कॉलम सरळ करतो. ती देखावा करणार. मला हेवा वाटतोय. लिहून टाकलं एकदाचं.

२३ नोव्हेंबर

ती रंगाचा वास घेऊन घरी येते. मी लॅपटॉप घेऊन.

४ डिसेंबर, रविवार

जेवताना वाद. मी म्हणालो, हे सगळं उपटून फेका. नव्या मोटारी, नवे दिवे, नवं गाव! जुन्याला रंग फासून काय होणार? लोक एकदा बघतील आणि जांभया देतील.

सुमेधा म्हणाली, "मार्लूस म्हणते, वेळ हीच आहे." मार्लूस म्हणजे तिची वर्कशॉपमधली बॉस. दिवसातून दहा वेळा 'मार्लूस म्हणते'! तर मार्लूस म्हणते – लवकर हात लावला तर लोक चिडतात, आमचं गाव का बिघडवलंत म्हणून. उशीर केला तर ओळखणारं कोणी उरत नाही. जी पोरं आईच्या मांडीवर बसून त्या बोगद्यात रडली, ती आता आपली पोरं मांडीवर घेऊन यायच्या वयाची झालीत. रंग ताजा दिसला पाहिजे, गाव तेच राहिलं पाहिजे.

आमच्या मंडळात कोणी 'यंदाही तोच देखावा' म्हणालं असतं ना, तर वर्गणीच जमली नसती! दरवर्षी नवा, आणि अनंत चतुर्दशीनंतर मोडून टाकायचा. जुना जपायचा हा प्रकार मला कळतच नाही.

"तुला कळायला वेळ लागेल," असं म्हणाली. मला! देखाव्यातलं!

१५ जानेवारी २००६, रविवार

महाराष्ट्र मंडळाची संक्रांत. सगळा घोळका सुमेधाभोवती. "अय्या, खरंच होडीतून जायचं?" "बाहुल्यांना डोळे कसे लावतात गं?" मंडळातल्या आशुतोषने एका नव्या जोडप्याशी ओळख करून दिली. "हे शिरीष. सुमेधाचे मिस्टर."

सुमेधाचे मिस्टर! या मंडळाची वेबसाइट कोणी बनवली? मी तिळगूळ घेतला आणि अजिबात गोड बोललो नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार

आज वर्कशॉपला जाऊन आलो. सुमेधाच म्हणाली, "चल ना, मार्लूसने बोलावलंय तुला." नाही म्हणणार होतो. बूट आधीच घातले होते.

काय जागा आहे! ग्रीसचा वास, लाकडाचा भुसा, फळीवर ओळीने मुंडकी. किती वर्षांनी हात शिवशिवले. मार्लूस उंच, पिकल्या केसांची, कमी बोलणारी. तिने मला एका बाहुलीपुढे उभं केलं. खिडकीत बसलेली म्हातारी. होडी आली की हात हलवते. पण हात अर्ध्यावर अडकतो, थरथरतो, मग कसाबसा हलतो. "हिचं काय करावं, बघून सांग," म्हणाली. आणि दोघी निघून गेल्या.

मी मागचं झाकण उघडलं. हाताखालच्या पितळी चकतीला झिजून खाच पडली होती. एवढंच! सांगायचं काय त्यात? मंडळात कोणी सांगत बसत नाही, करून मोकळं होतात. कानस घेतली आणि खाच घासून गुळगुळीत केली. बटण दाबलं. हात लोण्यासारखा वर गेला!

कोणाला बोललो नाही. झाकण लावलं. "विचार करून सांगतो," म्हणालो. सोमवारी बघतील आणि तोंडात बोटं घालतील. मग कळेल सुमेधाला, कोणाला काय कळतं ते!

६ फेब्रुवारी, सोमवार

सुमेधा आली ती कोट न काढता खुर्चीत बसली.

मार्लूसने म्हातारीचं बटण तीन-चारदा दाबून बघितलं म्हणे. मग म्हणाली – तो अडकणारा हात म्हणजेच ती म्हातारी. लोक होडीतून श्वास रोखून बघतात – हलेल की नाही, हलेल की नाही – आणि हलला की अख्खी होडी ओरडते. चाळीस वर्षांत पडलेली खाच. आता कुठून आणायची?

"कोणी केलं, विचारलं तिने. मी म्हणाले, माझ्या हातून झालं," सुमेधा माझ्याकडे बघत म्हणाली.

मी मटार सोलत होतो. सोलत राहिलो. तिची कायमची नोकरी माझ्या कानशीमुळे जाणार, आणि मी मटार सोलतोय! नालायक!

७ फेब्रुवारी

सकाळी बोलणार होतो. ट्रेन पकडली.

२६ फेब्रुवारी, रविवार

सुमेधा नव्या चकत्यांवर खाचा पाडून बघतेय. परीक्षक आमची लेक, सलोनी – ती शाळेच्या सहलीत त्या होडीत बसली होती. आज तिला घेऊन गेलो. हात वर जातो, सलोनी मान हलवते. "नी, आई, नॉख नीट." म्हणजे डचमध्ये, नाही, अजून नाही! मग स्वतःचा हात उचलून दाखवते – अर्ध्यावर अडकवते, थरथरवते, मग टाटा. तिचा अख्खा वर्ग शाळेच्या फाटकात असाच टाटा करतो म्हणे. रोज मी सोडायला जातो. एकदाही बघितलं नाही.

आणि लाज वाटते लिहायला, पण त्या दोघी त्या हातावर हसत होत्या तेव्हा पुन्हा पोटात दुखलं. बिघडवला मी, आणि दुरुस्तीची मजा तिला!

१ एप्रिल, शनिवार

उद्घाटन. बोचरा वारा, तरी ही रांग! नुसत्या पोरांची नाही. आज्या, टक्कल पडलेले बाप, बाबागाड्या. आमच्या होडीत पुढे एक माणूस मुलीला कुशीत घेऊन बसला होता. म्हातारीची खिडकी आली. हात उठला. अडकला. थरथरला. माणूस स्वतःच लहान मुलासारखा पुटपुटत होता. हलला! सगळी होडी ओरडली. मीही ओरडलो.

अगदी पहिल्यासारखा नाही, असं सलोनी म्हणते. पण चालेल म्हणते.

सुमेधाला कायम केलं. मी टाळ्या वाजवल्या, जोरात. हेवा काही गेलेला नाही.

८ एप्रिल, शनिवार

आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये मार्लूस भेटली. म्हणाली, मोटारींचं बघायला माणूस मिळाला, एनस्खेडे शहरातला मुलगा आहे. मग ट्रॉली थांबवून म्हणाली, "सुमेधा पहिल्या आठवड्यापासून या कामासाठी तुझं नाव सांगत होती. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं, म्हणायची. ती म्हातारी ही तुझी मुलाखत होती. त्याला आधी सांगू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं."

इतके महिने मी तिच्यावर जळत होतो आणि ती माझ्यासाठी शब्द टाकत होती. घरी आलो. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. अजूनही तिने मला काही सांगितलेलं नाही.