ट्रॉलीपाशी हजेरी

आप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहायला धीर येतोय.

मी आता केंद्रप्रमुख आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा पुढं कशा असाव्यात, हे गावोगावच्या लोकांना विचारून सगळ्यांचं मिळून एक ध्येयपत्र करायचं ठरलंय. जामखेड तालुक्यातल्या काही गावांचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यात तुमची शाळा निघाली. खर्ड्याहून जाताना वाटलं होतं, तिथं मला कोणी ओळखायचं नाही. पण सतरंजीवर बसायच्या आधीच एक म्हातारे म्हणाले, "गुर्जींची पोर न्हवं तू?" मग काय, तासभर नुसते गुर्जी आणि गुर्जी. मी आणलेले प्रश्न तसेच राहिले. माझ्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली आप्पा, पण माझ्याबद्दल असं कुठल्याच गावात कोणी बोलत नाही.

मग ती उठली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, दोन वर्षं आपल्याकडे राहिलेली तुमची लाडकी विद्यार्थिनी. केस पिकलेत, आवाज तोच. "माजं लई न्हाई. टॅक्टर निघायच्या आत मास्तरानं येऊन पोरं उतरवून घ्यावीत. गुर्जी हजेरीपट घिऊन ट्रॉलीपाशी यायचे. नाव पुकारायचे. हजर म्हनलं की उतरवायचे. मला दोन वर्सं उतरवलं. तिसऱ्या वर्साला न्हाई आले. कामात आसतील." हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती.

तुम्ही तिला उतरवून थेट आपल्या स्वयंपाकघरात आणायचात. आई चुलीपाशी भाकऱ्या थापतेय, पहिली गरम भाकरी तुम्ही तिच्या ताटात टाकताय, आणि मी ताट पुढं करून बसलेय. एकदा मी ताट आपटलं तेव्हा म्हणालात, "तुझी भाकरी कुठं पळून चाललीय?" तिनं धडा न अडखळता वाचला, तर बाजारातून जिलेबी आली. माझा पहिला नंबर आला, तेव्हा नुसतं "बरं." जळत होते मी, आप्पा. तिच्या वेणीला आईनं माझी रिबीन बांधली, तीही मी ओढून काढली होती.

तिसऱ्या दिवाळीनंतर तुम्हाला जामखेडला बैठकीला जावं लागलं. हजेरीपट माझ्या हातात देऊन म्हणालात, "ट्रॉलीपाशी जा, तिचं नाव पुकार. तिच्या आईला सांग, गुरुजींनी सांगितलंय." संध्याकाळी मी सांगितलं, ट्रॅक्टर आधीच निघून गेला होता. पुढं सहा महिने तिच्या नावासमोर गैरहजेरी मांडत राहिलात. टोळी परतली तेव्हा तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. ती पुन्हा शाळेत बसली नाही.

तिचं म्हणणं मी मसुद्यात अगदी वर घातलं. नगरच्या बैठकीत सगळ्यांना ते फार आवडलं. साहेबांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?" बाकीच्या सूचनांपुढं सांगणाऱ्यांची नावं होती, हिच्यापुढं मी लिहिलंच नव्हतं. मी म्हणाले, "माझ्या वडिलांची पद्धत होती." टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

ट्रॅक्टर गेला नव्हता, आप्पा. मी हातपंपाआड बसले होते, हजेरीपट पोटाशी धरून. तिनं मला पाहिलं होतं. ती ट्रॉलीत बोचक्या-भांड्यांमध्ये उठून उभी राहिली होती, मी कधी नाव पुकारते त्याची वाट बघत. मसुदा परवा छापायला जाईल. तिचं नाव मी अजून पुकारलेलं नाही.