भुऱ्या घरात आला

वडीगोद्री, १९९४

११ ऑक्टोबर
मामंजींना अर्धांगाचा झटका आला. जालन्याला दवाखान्यात ठेवलंय. शेतातल्या आखाड्यावर, त्यांच्या खोपीत, आता कुणी न्हाई, म्हणून हे त्यांचा कुत्रा घरी घेऊन आले. भुऱ्या. त्याची सगळी उमर शेतात गेलेली. आमचं घर पडलं हायवेला. ट्रकचा हॉर्न वाजला की थरथरतो, लाळ गाळतो. मला कुत्र्यांची हौस कधीच नव्हती.

१३ ऑक्टो.
भाकरीला तोंड लावत न्हाई. दार ओरबाडून ढलप्या काढल्या. साखळी घातली तर जास्तच बिथरला. हे जवळ बसून सारखं "भुऱ्या, भुऱ्या" करून राह्यले. तो अंग चोरून बाजेखाली.

१६ ऑक्टो.
शेजारच्या शकीलाभाभी वाटी परत द्यायला आल्त्या. भुऱ्यानं घाबरून त्यांच्या हाताला दात लावले. रक्त थोडंच, पण इंजेक्शनं घ्यावी लागणार. म्हणाल्या, "तुमपे गुस्सा नइं, पर मेरे बच्चे इसी आंगन में खेलते ना." बराबरच आहे.
हे म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. न्हाईतर तीर्थपुरीच्या पाहुण्यांच्या शेतावर सोडू. मी हो म्हटलं.

१९ ऑक्टो.
शाळेत शिकवून आल्यावर शेंगा फोडत बसले, बाजेकडं पाठ करून. त्याच्याशी बोलायचं मनातसुद्धा नव्हतं. थोड्या वेळानं बाहेर आला. पदर हुंगला. मी वळून पाहिलं न्हाई. तिथंच टेकला.

२२ ऑक्टो.
साखळी काढली. मधल्या खोलीत, रस्त्यापासून लांब, जवारीच्या पोत्यांमागं गोणपाट टाकलं. तिथं कुणी जायचं न्हाई, त्याला बोलवायचं न्हाई, आला तर येऊ द्यायचं. ह्यांना बजावून सांगितलं.
"तुला कुणी सांगितलं हे?"
"कुणीच न्हाई. करून बघतेय."
संध्याकाळी भाकरी खाल्ली. सगळी.

२७ ऑक्टो.
हॉर्न वाजला की कान टवकारतो, पण उठत न्हाई. बहुतेक वेळा.
दाराला आडवी फळी ठोकून घेतली, पोरं आत येऊ नयेत म्हणून. शकीलाभाभी फळीपलीकडूनच बघून गेल्या.

३ नोव्हें. लक्ष्मीपूजन
दुपारपासूनच खिडक्या बंद, फटींत चादरी कोंबल्या. पूजा जल्दी उरकली. फटाके सुरू झाले तसा पोत्यांमागून आला, माझ्या मांडीखाली डोकं खुपसलं. आधी हात लावला न्हाई. मंग ठेवला पाठीवर. नुसता ठेवला. अंगातली थरथर हळूहळू कमी झाली. स्वयंपाक तसाच राहिला. हे चिवडा खाऊन झोपले.

४ नोव्हें.
तीर्थपुरीचा विषय ह्यांनी काढला न्हाई. मीही.

९ नोव्हें.
मामंजी घरी आले. जीपमधून दोघांनी धरून उतरवलं. जीभ जड झालीय, शब्द फुटत न्हाईत. भुऱ्याला हाक मारली ती भलतीच घोगरी, वाकडी निघाली. तो त्यांच्यावर भुंकला. माझ्यामागं येऊन उभा राहिला.
मामंजींनी पुन्हा हाक मारली न्हाई. तोंड भिंतीकडं केलं.

१० नोव्हें.
मामंजी जेवले न्हाईत. कुत्राही न्हाई.

१३ नोव्हें.
आज भुऱ्या आपण होऊन त्यांच्या बाजेशी गेला. लुळा हात हुंगला, मंग चाटायला लागला. मामंजींच्या डोळ्यांना पाणी. बऱ्याच वेळानं एकेक शब्द जोडत म्हणाले, "पाय चालला... की आखाड्यावर जातो. ह्यालाबी... नेतो."
हे म्हणाले, "न्या की. तुमचाच आहे तो."
मामंजी ह्यांच्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मी ताटं उचलली, आत आले.