राखेनं घासलेले काळे डबे

माय, तुला कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि मी तुझ्यापासून लांब अशी कधी गेलेच नाही. आता लिहितेय ते त्या सूर्यचुलीपायी. तू जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही.

हिंगोली वेगळी व्हायची होती, आपला जिल्हा तेव्हा परभणीच होता. बारावी होऊन मी सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर लागले होते. गावोगावी बायांना ती पेटी उघडून दाखवायची, एवढंच काम. वर काच, झाकणाला आरसा, आत काळा रंग दिलेले चार डबे. डाळ-तांदूळ पाणी घालून उन्हात ठेवायचे, ऊन सरकेल तशी पेटी फिरवायची. धूर नाही, फुंकणी नाही. पेटीचा मुक्काम आपल्याच अंगणात असायचा. पहिल्या दिवशी तू तिच्याभोवती दोन चकरा मारल्यास आणि विचारलंस, "आन् भाकर?" भाकरी होत नाही म्हटल्यावर म्हणालीस, "मंग अर्धीच चूल म्हन की." मी चिडले. पण माझी पाठ फिरली की तूच तिच्यात शेंगदाणे भाजायचीस आणि शेजारणींना बोलावून खायला घालायचीस. आपल्या बोकडाला आरशात दुसरा बोकड दिसला, त्यानं टक्कर द्यायला मुंडी खाली घातली, तेव्हा तू मध्ये जाऊन उभी राहिलीस आणि मांडीवर मार खाल्लास. ती पेटी तुला आवडली होती, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मग साहेब लोक पाहायला येणार असं ठरलं. काम पसंत पडलं तर माझं नाव पक्क्या नोकरीसाठी पुढं जाणार होतं. आदल्या दिवशी मी घरी नसताना तू डबे घासायला घेतलेस. पाहुणे यायचे म्हणजे भांडी लख्ख पाहिजेत. काळ्या बुडाचं भांडं दिसलं की बाई गबाळी ठरते, हे तू आयुष्यभर ऐकलेलं. राख घेतलीस, वाळू घेतलीस आणि सगळा रंग काढून चारही डबे चांदीसारखे केलेस. सकाळी मी साहेबांना आणायला फाट्यावर गेले होते. तूच तांदूळ लावलेस, पेटी उन्हाला धरलीस.

दुपारी झाकण उघडलं तर भात कच्चा. ऊन शोषून घेणारा काळा रंगच राहिला नव्हता, तर शिजणार कसा? साहेबांनी डबा हातात घेऊन विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हणाले, "आईनं. दहा वेळा सांगितलं, रंग घासू नको म्हणून. अडाणी माणसाला किती सांगणार?" माय, मी एकदाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या गावात पेटी उघडायच्या आधी तेच सांगायचे. घरी सांगायचं सुचलंच नाही. तू माझ्याकडं एकदा पाहिलंस. मग म्हणालीस, "व्हय साहेब, पोरीनं सांगितलं व्हतं. म्याच इसरले."

आणि लगेच कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून तू चुलीशी बसलीस. पिठलं-भाकरी खाऊन साहेब खूष झाले. माझं नाव पुढं गेलं. डब्यांना मी पुन्हा रंग दिला, पण तू त्यांना हात लावला नाहीस. "नको बाई, माझ्या हातानं पुन्हा बिघडंल," एवढंच म्हणायचीस. मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर पेटी नीट राहतेय याचं मला बरंच वाटलं.

पुढं त्या प्रसंगाची मी गोष्ट केली. एका बाईनं काय केलं माहितीय का, अशी सुरुवात करून राखेपर्यंत आले की बाया पोट धरून हसायच्या, आणि मग कोणी डबे घासायचं नाही. आपल्या इथल्या गोरेगावच्या बाजारात एकदा तू गर्दीत मागं उभी होतीस. मला दिसलीस तेव्हा गोष्ट निम्म्यावर आली होती. थांबता आलं असतं. थांबले नाही. तूही सगळ्यांसोबत हसलीस. परतताना जीपमध्ये म्हणालीस, "गोष्ट चांगली सांगतीस. बायायच्या बराबर ध्यानात राहती."

तुझा खोकला वाढला तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरांनी विचारलं, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला? तू हसून म्हणालीस, "कळायला लागलं तवापसून." सूर्यचुली शिकवणारी तुझी लेक शेजारीच बसली होती.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. तुझं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात हट्टा गावात माझा कार्यक्रम होता. मी तीच गोष्ट सांगितली. बाया हसल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "कोन व्हती बाई ती?"

मी म्हणाले, "असंल कुन्या गावची. माझ्या वळखीची न्हाई."