पेटीशेजारच्या बसगाड्या

सेंट ओमेर, १९ ऑगस्ट

चि. रेमी यास बर्नाडेट मावशीचे अनेक आशीर्वाद.

आज, सोमवार १९ ऑगस्ट, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. वेळ माझ्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची आहे, आणि ते तुझ्या कार्यालयापेक्षा वक्तशीर आहे. शाळेमागच्या गल्लीत, तुमची हवा मोजायची पेटी जिथे कुंपणात उभी आहे, तिथे तिला खेटून अकरा बसगाड्या जेवणवेळेपासून इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. मी मोजल्या.

सकाळी तुम्हीच जाहीर केलंत की आज ओझोन वाढणार, संध्याकाळी सहापर्यंत गाडीत पेट्रोल भरू नका, गवत कापू नका. मी दोन्ही पाळलं. गेल्या वर्षी तुमच्या योजनेत माझं धडधाकट गवतयंत्र देऊन ते विजेवरचं खेळणं घेतलं, तेही पाळते. शेजारची ऑर्टेन्स विचारते की त्यानं गवत कापतेस की गवताला वारा घालतेस. आणि इकडे बसवाले थंड हवेत बसून पत्ते खेळतात! एकाला मी खिडकीवर टकटक करून विचारलं, तर म्हणाला की मॅडम, इंजिन बंद केलं तर आम्ही आतल्या आत उकडून निघू. मी त्याला सांगितलं की कॉन्व्हेंटमध्ये आम्ही लोकरी मोजे घालून भूमिती शिकलो आणि कोणी उकडलं नाही.

पेटीच्या नाकात धूर सोडल्यावर आकडा वाढणारच. मग जिल्हा नापास झाला की दोष माझ्या गवताला. काय ते लिही. कागदावर लिही, त्या फोनवर नको. तुझ्या लहानग्या लेकीला, नोएलीला पापा.

तुझी,
बर्नाडेट मावशी

लेक व्हर्ट, २३ ऑगस्ट

ती. मावशीस रेमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र कार्यालयात मोठ्यानं वाचलं. मोज्यांपाशी सगळे हसले. पण तू एक मजेशीर चूक केली आहेस. सोमवारी आकडा वाढला नाही, उतरला. सकाळी आम्ही नारिंगी झेंड्याचा अंदाज दिला होता. दुपारी पेटी एकसष्ट दाखवायला लागली, मर्यादा सत्तरची, म्हणून दोन वाजता सगळ्या शाळांना हिरवा झेंडा लावायला कळवलं, म्हणजे मुलांनी बाहेर खेळायला-धावायला हरकत नाही.

ओझोन धुराड्यातून निघत नाही, मावशी. धूर उन्हात शिजतो, तेव्हा तो होतो, आणि शिजायला काही तास लागतात. तोवर दक्षिणेचा वारा त्याला शहराबाहेर घेऊन जातो. उलट इंजिनातून निघालेला ताजा धूर आसपासचा ओझोन खाऊन टाकतो. त्यामुळे बसगाड्यांपायी तुझ्या गवताला दोष येणार नाही. त्या पूर्वी पुढच्या फाटकाशी थांबत. गेल्या वर्षी मार्चमध्ये काही नागरिकांच्या अर्जावरून मागे नेल्या.

इकडे बरं आहे. सोमवारी नोएली शाळेच्या शर्यतीच्या सरावाला तीन मैल धावली आणि तिला दमा उठला. दोनदा फवारा द्यावा लागला. आता ठीक आहे. डॉक्टर म्हणाले परागकण असतील. तिनं तुझ्या पेकन वड्यांची आठवण काढली आहे.

लोभ आहेच, तो वड्यांच्या रूपानं दिसावा.
रेमी

सेंट ओमेर, २६ ऑगस्ट

चि. रेमी यास आशीर्वाद.

वड्या वेगळ्या पाठवल्या आहेत. सगळ्या नोएलीच्या. मोजून पाठवल्या आहेत, लक्षात ठेव.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू शाळेत असताना मी तुला भागाकार शिकवला, म्हणून विचारायचा हक्क आहे. बसगाड्यांचा ताजा धूर पेटीजवळचा ओझोन खातो, असं तू म्हणतोस. मग पेटीनं जो आकडा दिला तो शहराच्या हवेचा, की अकरा बसगाड्यांच्या शेपटीचा? शिजलेला धूर दक्षिणेच्या वाऱ्यावर जातो, असंही म्हणतोस. सेंट ओमेरच्या उत्तरेला पंचवीस मैलांवर कोणाचं घर आहे? चांगल्या हवेसाठी म्हणून तळ्याकाठी राहायला कोण गेलं? आणि तिथल्या शाळेत झेंडा कोणत्या पेटीच्या आकड्यावर लागतो?

ऑगस्टमध्ये कसले परागकण, हेही त्या डॉक्टरला विचार.

गेल्या सप्टेंबरात आकडे उतरले म्हणून तुम्ही केक कापलात, मला बोलावलंत. मी दोन तुकडे खाल्ले. ते आता पोटात टोचतायत.

उत्तराची वाट पाहते. माया कमी झालेली नाही, आवाज तेवढा चढलाय.
बर्नाडेट मावशी

लेक व्हर्ट, ३ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न.

तुझ्या पत्रानंतर झोप लागेना, म्हणून करूनच पाहिलं. गुरुवारी बसवाल्यांना शीतपेयांची पेटी नेऊन दिली आणि दुपारभर इंजिनं बंद ठेवायला विनवलं. ते ओकाच्या झाडाखाली पत्ते घेऊन बसले. तुझ्या ओळखीच्यानं विचारलं की मोजेवाल्या मॅडमनी पाठवलं का. ऊन, वारा सगळं त्या सोमवारसारखंच. पेटी एकसष्टची अठ्ठ्याहत्तर झाली. हातातलं यंत्र घेऊन मी नोएलीच्या शाळेच्या मैदानावर गेलो. तिथे त्र्याऐंशी. शुक्रवारी इंजिनं पुन्हा चालू झाली, पेटी पुन्हा बासष्ट.

साहेबांना दाखवलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले की बारा तारखेला मंडळाच्या सभेत जिल्हा स्वच्छ जाहीर होणार आहे. एका दुपारच्या हातयंत्रावर कोणी सात वर्षांची मेहनत पाण्यात घालतं का? जिल्हा स्वच्छ ठरला की तळ्याकाठी नवी पेटी बसणार नाही. मग नोएलीच्या शाळेत झेंडा कायम तुमच्या गल्लीतल्या पेटीचाच.

कोणी मुद्दाम केलेलं नाही, मावशी. बसगाड्या मागे नेण्याच्या मंजुरीवर सही माझी आहे. तो अर्ज माझ्या खणात आहे. त्यावरच्या सह्या मी कोणाला दाखवलेल्या नाहीत, दाखवणारही नाही.

नोएलीला पुढच्या शर्यतीत धावायचंय. मी हो म्हणालेलो नाही, नाहीही म्हणालेलो नाही.

तुझा,
रेमी

सेंट ओमेर, ५ सप्टेंबर

चि. रेमी यास आशीर्वाद.

मला झाकून ठेवायची तुला गरज नाही. पुढच्या फाटकासमोर चर्चची खिडकी आहे, आणि आमच्या गुरुवारच्या जपमाळेच्या वेळी धूर आत यायचा. अर्ज मी लिहिला, शुद्ध अक्षरात लिहिला, पहिली सही माझी आहे. पाच जणींना घरी जाऊन सह्या करायला लावल्या. ऑर्टेन्स नको म्हणत होती, तिलाही लावली. आमच्या खिडकीतला धूर मी उचलून कुठे नेऊन ठेवला, ते त्या सोमवारी नोएलीला कळलं. मला कळायला तुझी दोन पत्रं लागली.

बारा तारखेच्या सभेत नागरिकांना तीन मिनिटं बोलता येतं. मी नाव नोंदवून आले आहे. आधी अर्ज वाचेन, सह्यांसकट, माझी पहिली. मग म्हणेन की यापुढचं सांगायला मंजुरी देणारा इथेच बसलाय. त्यापुढे मी बोलू शकत नाही, रेमी, कारण अठ्ठ्याहत्तर आणि त्र्याऐंशी हे आकडे तुझे आहेत. म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकून तुझे साहेब पुन्हा खिडकीबाहेर बघतील.

तू उठणार आहेस की नाही, ते मला लेखी कळव. अर्जाची प्रतही सोबत हवी. बुधवार, ११ सप्टेंबर, दुपारी बाराच्या आत, माझ्या टपालपेटीत.

मावशीवर राग धरायचा तर तेरा तारखेपासून धर. नोएलीला म्हणावं, धावायचे बूट पुसून ठेव.

बर्नाडेट मावशी