तुळसाबाईची उलटतपासणी

६ जानेवारी
नवीन वर्षाचे संकल्प उशिरा, कारण कोर्टाला सुट्टी होती. रोज सकाळी चालणे. चहा कमी. समीक्षाचा विचार पूर्ण बंद.

समीक्षा माझी ज्युनिअर होती. साधी नोटीस कशी लिहायची ते मी शिकवलं. आता माझ्याच विमा कंपनीच्या पॅनलवर आहे आणि नवी पांढरी गाडी माझ्या स्कूटरला खेटून लावते. मुद्दाम.

९ जानेवारी
कंपनीच्या नागपूरच्या लीगल ऑफिसर मॅडमचा फोन. यापुढे यवतमाळ जिल्ह्याला पॅनलवर एकच वकील. तुळसाबाईच्या केसचा निकाल पाहून ठरवू म्हणाल्या. म्हणजे मीच.

केस खिशातली आहे. तुळसाबाई दारव्ह्याहून कापसाच्या पिकअपमध्ये बसून येत होती. गाडी उलटली, पाय मोडला. मालाच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाची भरपाई कंपनीवर येत नाही. डोळे मिटून जिंकेन. बायकोला, शीलाला, सांगितलं. ती म्हणाली, एवढी सोपी हाय म्हणूनच तुमाले देल्ली असन. टोमणा होता की कौतुक, कळलं नाही.

१४ जानेवारी
समीक्षाने तिळगूळ पाठवला. काजू घातलेला. दिखावा नुसता. खाणार नाही.

जेवणानंतर एक खाल्ला. बेताचाच आहे. डबा संपवून टाकला, घरात नको.

२२ जानेवारी
बाररूममध्ये समीक्षा शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "सर, बाई गाडीत कायले बसली होती ते तेवढं विचारू नका. माल तिचाच निघाला तर कंपनी अडकते."

मला माहीत नाही का? मालाचा मालक मालासोबत बसला असेल तर भरपाई कंपनीनेच द्यायची. पण तुळसाबाईच्या वकिलाने, भीमराजने, अर्जात नुसतं 'प्रवास करत होती' एवढंच लिहिलंय. माल असता तर लिहिला नसता? आता ही गुरूला शिकवणार. जळते माझ्यावर, दुसरं काय.

चालणं सोमवारपासून.

३ फेब्रुवारी, सकाळ
आज उलटतपासणी. गळ्याला नवा पांढरा बँड. थोडक्यात विचारायचं आणि खाली बसायचं.

३ फेब्रुवारी, दुपार
तुळसाबाई कुबडी टेकत पिंजऱ्यात आली. गाडी मालाची होती का? हो. बसायला सीट होती का? नव्हती. झालं होतं. खाली बसायला वळलो तर मागच्या बाकावर समीक्षा. माझ्याकडे पाहून मान डोलावत होती. मला शाबासकी. माझ्याच ज्युनिअरकडून. अंगाची लाही लाही झाली. तसाच परत फिरलो आणि विचारलं, मग मालाच्या गाडीत कायले बसल्या होत्या, बाई?

"कापूस माहाच होता ना, साहेब. भाडं देल्लं अन् गाठोड्यावर बसली. माल कोनाच्या भरोशावर सोडू?"

जजसाहेबांनी ते सगळं लिहून घ्यायला लावलं. भीमराज उठला, आपल्याला आणखी काही विचारायचं नाही म्हणाला आणि तोंडावर रुमाल धरून खाली बसला. समीक्षा तोवर निघून गेली होती. पाहवलं नसेल.

४ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. सत्य बाहेर काढणं हेच वकिलाचं काम. ते निघालं. शिवाय समीक्षाने नको म्हटलं नसतं तर मी विचारलंच नसतं, म्हणजे चूक असलीच तर तिची आहे. गुडघा दुखतो. चालणं रद्द.

२८ मार्च
निकाल लागला. भरपाई कंपनीने द्यायची. निकालपत्रात माझा प्रश्न जसाच्या तसा आलाय. समीक्षाचा प्रश्न आजवर एकाही निकालपत्रात आलेला नाही, मी चौकशी केली.

८ एप्रिल
कंपनीचा ईमेल. सगळ्या फाइली समीक्षाकडे. तुळसाबाईचं अपीलसुद्धा.

फाइली न्यायला ती स्वतः आली आणि वाकून पाया पडली. माजोरीपणा केला असता तर बरं झालं असतं, मनासारखं जळता तरी आलं असतं. कपाट रिकामं झालं. जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल
तुळसाबाईचा दीर रामसिंग आला. कळंबच्या चिंतामणीला जाऊन पेढे घेऊन आला होता. त्याच्याही अपघाताचा दावा त्याच कंपनीवर लावलाय. म्हणाला, तुमच्यासारखा वकील जिल्ह्यात नाही, साहेब. समीक्षाने ऐकायला हवं होतं.

मी लगेच वकीलपत्र काढलं. म्हटलं, यापुढे मी अपघात झालेल्यांच्याच बाजूने उभा राहणार, सही कर. रामसिंग गडबडला. वकील भीमराजच आहे म्हणाला.

"तुमी कंपनीकडूनच उभे राहा ना, साहेब. आमाले तेच पाह्यजे."

मी सांगितलं, त्या फाइली आता समीक्षा मॅडमकडे आहेत. मॅडम कशा हायेत, त्याने विचारलं. हुशार आहे, म्हणालो. लई हुशार आहे.

रामसिंग उठला. मग पेढ्यांचा डबा उचलून निघून गेला.