टाकीतले मासे आणि पहिलं शील

आप्पा, तुम्ही गेलात त्याला एकवीस वर्षं झाली. आज सकाळी विहारात पहिलं शील म्हणताना मला एकदम हसू फुटलं, आणि शेजारी बसलेल्या नातीनं कोपरानं ढोसलं. तिला काय सांगणार? म्हटलं, ज्यांच्यामुळे हसले त्यांनाच लिहावं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्या सायकलवर मागं बसून सातपूरभर फिरायचे. सकाळी तुम्ही पंचशील म्हणायचात, कुठल्याही जिवाची हत्या करणार नाही असा शब्द द्यायचात, आणि साडेआठला मलेरिया खात्याची पिशवी खांद्याला लावून घरोघरच्या टाक्यांमधल्या डासांच्या अळ्या मारायला निघायचात. अकराव्या वर्षी मला यात काहीच वावगं दिसत नव्हतं. ते दिसलं एका आजींना. त्या टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभ्या आहेत, पायाशी मुंग्यांना साखर घातलेली. "औषध नाय टाकायचं. हे पण देवानंच केलेले जीव हाय." तुम्ही म्हणता, "आजी, पण यांच्यामुळे हिवताप होतो ना." "साप पण चावतो. म्हणून काय देव चुकला का?" तुम्ही देव मानत नव्हतात, पण तिथं तसं बोलला नाहीत. तुमचं लक्ष दारात उभ्या असलेल्या सुनेकडे होतं. तिला सातवा महिना होता, आणि त्याच गल्लीत त्या आठवड्यात दोघांना हिवताप निघाला होता. माझ्याआधीचं आईचं बाळ असल्याच तापात पोटातच दगावलं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला फक्त तुमचा उतरलेला चेहरा दिसला.

"बरं, औषध नाही टाकत," तुम्ही म्हणालात, आणि हँडलला अडकवलेल्या डब्यातले दहा-बारा गप्पी मासे टाकीत सोडलेत. आजी वाकून बघत राहिल्या. "हे चालतील. लय गोड हायेत." गल्लीच्या टोकाला मी विचारलं, "आप्पा, गप्पी काय खातात?" "अळ्या." "मग आपणच मारल्या की! आजींना फसवलंत तुम्ही." तुम्ही करकचून ब्रेक दाबलात, पाय टेकलात आणि इतके हसलात की टोपी काढून डोळे पुसावे लागले. मी मात्र चिडले होते. "म्हणजे तुमचं शील मोडतं?" "मोडतं." "रोज?" "रोज. म्हणून तर रोज सकाळी परत घेतो. मोडलंय हे विसरलो, तर उद्या मला मारायची मजा वाटायला लागेल गं. काम सोडणार नाही मी. पण मजा नको."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन परत त्याच दारात गेलात आणि सरळ सांगून टाकलंत, "आजी, माझ्या पोरीनं मला पकडलं. मासे अळ्या खातात. म्हणजे मीच मारल्या." आजींनी कपाळावर हात मारला. "अरे, नदीकाठी जन्म गेला माझा. मासा काय खातो ते तू मला शिकवतो का? मला देव पण पाहिजे आन् सून पण. तू वाट काढली, मी गप बसले. आता खरं बोलून घोळ कशाला घालतो?" मग दोघांचं हसणं आवरेना. सून बाहेर आली, तिला काही कळेना, तीही हसायला लागली. आम्हाला बसवून चहा आणि चिवडा दिला, आणि निघताना आजींनी बजावलं, "मासे कमी झाले तर आणखी आण हां." संक्रांतीनंतर त्यांच्याकडून जिलेबीचा पुडा आला. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण खुशाल. त्या दिवशी तुम्ही एकट्यानं निम्मा पुडा संपवलात, आणि आईला बोलू दिलं नाहीत.

मी पुढे रक्ततपासणीच्या कामात शिरले ते तुमच्यामुळेच, हे तुम्ही जाताना तुम्हाला ठाऊक होतं. देवळालीला तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली तापाचे जंतू शोधले, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. लोक विचारायचे, असले जीव जगात आहेतच कशाला? मी म्हणायचे, मला नाही माहीत, गोळ्या पूर्ण घ्या. शेवटच्या दिवशी लॅबमधल्या मुलींनी केक आणला, गाणी म्हटली, मला नाचायलाही लावलं. तुम्ही असतात तर टाळ्या वाजवून दमला असतात.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, तेव्हा तुम्हाला कधी न सांगितलेलं एक इथं लिहिते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला काचेवर मलेरियाचा जंतू सापडला. निळी नाजूक अंगठी आणि तिच्यावर लाल खड्यासारखा एक ठिपका. कुणीतरी बाहेर बाकावर थंडीनं कुडकुडत बसलं होतं, आणि मला ते फार सुंदर वाटलं, आप्पा. मी नुसतीच बघत बसले. तो रिपोर्ट पाच मिनिटं उशिरा गेला.