दोन शाळांचा एक नकाशा

१० जुलै १९६४

चि. शेषरावास ताईचे आशीर्वाद.

तुझी वत्सला खुशाल आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. लोणचे पोचले. रुखमाबाईचा खोकला थांबला का?

इथल्या दोन्ही सरकारी शाळा तिच्यासाठी पाहिल्या. वेशीबाहेरच्या शाळेत मुले ओरडतात आणि मास्तर पेंगतात. बाजारातल्या शाळेत मास्तर ओरडतात आणि मुले पेंगतात. फरक एवढाच.

सोमवारी वेशीबाहेर तपासणीचे साहेब यायचे होते, म्हणून भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगला होता. त्यावर शाईचा मोठा डाग. मंगळवारी साहेब बाजारातल्या शाळेत यायचे, तर तिथेही तोच नकाशा आणि तोच डाग! मी हेडमास्तरांना जाब विचारला. ते हसून म्हणाले, "बाई, साहेब एकच हाय, मंग नकाशे दोन कायले पाह्यजे?" कॉलेज सोडून मला तीस वर्षे झाली, पण इतके निर्लज्ज हसू पाहिले नव्हते.

वत्सला नकाशापाशीच उभी होती. म्हणाली, "आत्याबाई, आपलं जानेफळ डागाखाली गेलं वं." आणि कुणाला न विचारता तिने डागाच्या कडेला पेन्सिलीने ठिपका काढून गावाचे नाव लिहिले.

शाळा बरी नसेल तर साखरखेर्ड्याचे स्थळ पक्के करू, असे तू म्हणाला होतास. बरी एकही नाही. तरी बाजारातल्या शाळेत तिचे नाव घातले आहे. उरलेले मी घरी शिकवीन.

त्या स्थळाला नकार तू कळव. तुला संकोच वाटत असेल तर मी लिहिते, पण माझी भाषा तुला ठाऊक आहे.

प्रकृतीस जपा.

गोदाताई